प्रोग्रेसिव्ह हाउसमधील सुरेल मिक्सिंग: दोन गाण्यांची पट्टी कशी जुळवावी

या घटकाची उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर विद्यार्थ्याला पुढील गोष्टी करता येतील:

- डीजे सेटमध्ये पट्टी जुळवण्याची गरज का पडते, हे सांगणे
- कॅमेलॉट चक्राचा अर्थ सप्तक आणि षड्ज-पंचम भाव यांच्या आधारे स्पष्ट करणे
- गाण्याचा वेग बदलल्यास षड्ज किती सरकतो, याचा हिशेब करणे
- सॉफ्टवेअरने दाखवलेली पट्टी कानाने तपासणे आणि प्रत्यक्ष जोड आखणे

१. प्रस्तावना

संगीत नाटकात एका नटाची पट्टी काळी एक आणि दुसऱ्याची पांढरी चार असली, तरी प्रयोग बिघडत नाही. पहिल्याचे पद संपते, मध्ये संवाद येतात, एखादा विनोद होतो, आणि मग ऑर्गनवाला दुसऱ्याच्या पट्टीत सूर धरतो. तेवढ्या वेळात प्रेक्षकांचा कान जुना षड्ज विसरलेला असतो. नवा षड्ज त्याला खटकत नाही.

डीजेच्या सेटमध्ये संवाद नसतात. एक गाणे संपण्याआधीच दुसरे सुरू झालेले असते आणि काही काळ दोन्ही एकत्र वाजत असतात. ऑर्गनवाल्याने दोन्ही नटांना एकाच वेळी गायला लावले तर जे होईल, तेच इथे दर पाच-सहा मिनिटांनी होत असते. म्हणून त्या दोन गाण्यांचे स्वर एकमेकांशी जमतात की नाही, हे आधी पाहावे लागते. या पाहण्याला आणि त्यानुसार गाणी जोडण्याला 'हार्मोनिक मिक्सिंग' म्हणतात. आपण त्याला 'सुरेल मिक्सिंग' म्हणू.

आजची सॉफ्टवेअरे प्रत्येक गाण्यापुढे पट्टीचा एक क्रमांक दाखवतात. त्यामुळे 'क्रमांक जुळले की काम झाले' असा समज विद्यार्थ्यांमध्ये आढळतो. तो अपुरा आहे. क्रमांक ही फक्त खूण आहे. जुळायचे असतात ते प्रत्यक्ष वाजणारे स्वर. खूण आणि स्वर यांच्यात फरक कुठे पडतो, हे समजून घेणे हाच या घटकाचा गाभा आहे.

२. प्रोग्रेसिव्ह हाउस: लांब जोडाची शैली

हाउस संगीत १९८०च्या दशकात अमेरिकेतील शिकागो शहरात रूढ झाले. त्याची 'प्रोग्रेसिव्ह' ही शाखा १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये आकाराला आली. 'मिक्समॅग' या नियतकालिकात लिहिणारे डॉम फिलिप्स यांनी १९९२ मध्ये 'प्रोग्रेसिव्ह हाउस' हे नाव वापरले आणि ते रुळले. साशा आणि जॉन डिगवीड या जोडीचा 'रेनेसाँ: द मिक्स कलेक्शन' हा १९९४चा संग्रह या शैलीतील सलग मिक्सचा महत्त्वाचा नमुना मानला जातो. भारतात मोठ्या मैदानांवर हे संगीत पोहोचण्यात गोव्याचा वाटा मोठा आहे. डिसेंबर २००७ मध्ये कांदोळी येथे पहिला सनबर्न महोत्सव झाला, त्यात अबव्ह अँड बियाँड आणि कार्ल कॉक्स यांनी सेट वाजवले. २०१६ मध्ये हाच महोत्सव पुण्याजवळ केसनंद येथे भरला.

या शैलीची तीन वैशिष्ट्ये आपल्या विषयाशी थेट संबंधित आहेत.

पहिले, वेग. बहुतेक गाणी मिनिटाला १२० ते १२८ ठोक्यांच्या दरम्यान असतात. दोन गाण्यांच्या वेगात फार अंतर नसल्याने ती सहज एकत्र वाजवता येतात.

दुसरे, बांधणी. गाणे चार ठोक्यांच्या आवर्तनांत आणि ८, १६ किंवा ३२ आवर्तनांच्या खंडांत उलगडते. सुरुवातीला फक्त तालवाद्ये, मग बेस, मग लांब धरलेले स्वर म्हणजे पॅड, मग धून, असा एकेक थर चढतो आणि शेवटी त्याच क्रमाने उतरतो.

तिसरे, जोडाची लांबी. १२४ बीपीएम वेगाला एक ठोका ०.४८ सेकंदाचा, एक आवर्तन १.९४ सेकंदाचे. म्हणजे १६ आवर्तनांचा जोड सुमारे ३१ सेकंद चालतो, ३२ आवर्तनांचा ६२ सेकंद आणि ६४ आवर्तनांचा दोन मिनिटांहून थोडा जास्त. हिप-हॉपमध्ये जोड एक-दोन आवर्तनांत उरकता येतो आणि बेसूरपणा ध्यानात येण्याआधी संपतो. इथे श्रोत्याला तो पूर्ण मिनिटभर ऐकावा लागतो. ठोके अगदी जुळलेले असले तरी पॅड आणि बेस भांडत असतील, तर नाचणाऱ्याला नेमके काय बिघडले ते सांगता येत नाही, पण बिघडले आहे हे कळते.

३. पट्टी: षड्ज आणि त्यावरचे सात स्वर

पेटीवर एका सप्तकात बारा स्वर असतात: सात पांढऱ्या पट्ट्या आणि पाच काळ्या. आपण त्यांना पांढरी एक ते पांढरी सात आणि काळी एक ते काळी पाच म्हणतो. पाश्चात्त्य 'सी' म्हणजे पांढरी एक, 'ए' म्हणजे पांढरी सहा.

गाण्याची 'की' सांगायची तर दोन गोष्टी सांगाव्या लागतात: षड्ज कोणत्या पट्टीवर आहे आणि त्या षड्जावर कोणते सात स्वर घेतले आहेत. डीजे सॉफ्टवेअर दुसऱ्या गोष्टीचे फक्त दोन प्रकार ओळखते.

- मेजर: सातही स्वर शुद्ध. विष्णू नारायण भातखंडे यांच्या दहा थाटांपैकी हा बिलावल थाट.
- मायनर: गंधार, धैवत आणि निषाद कोमल, बाकीचे शुद्ध. हा आसावरी थाट.

आता पेटीवर एक प्रयोग करा. फक्त पांढऱ्या पट्ट्या वापरा. पांढरी एक षड्ज धरली तर बिलावल मिळतो. त्याच पट्ट्या ठेवून पांढरी सहा षड्ज धरली तर आसावरी मिळतो. स्वर तेच, षड्ज बदलला. मूर्च्छना या कल्पनेशी ज्यांचा परिचय आहे त्यांना हे नवे नाही. डीजेसाठी याचा अर्थ असा, की पांढरी एक मेजर आणि पांढरी सहा मायनर या दोन गाण्यांत एकही परका स्वर नसतो. ती एकत्र वाजली तरी स्वरांची टक्कर होत नाही.

४. कॅमेलॉट चक्र

मार्क डेव्हिस यांनी मांडलेले कॅमेलॉट चक्र हे वरील नात्याचेच सोयीस्कर रूप आहे. घड्याळाच्या तबकडीसारखे १ ते १२ आकडे घेतले आहेत. प्रत्येक आकड्यापुढे 'ए' म्हणजे मायनर आणि 'बी' म्हणजे मेजर. २००६ पासून 'मिक्स्ड इन की' या सॉफ्टवेअरमुळे ही पद्धत जगभर पसरली. पेटीच्या भाषेत ते चक्र असे आहे:

| क्रमांक | 'ए' (मायनर) चा षड्ज | 'बी' (मेजर) चा षड्ज |
|---|---|---|
| १ | काळी चार | पांढरी सात |
| २ | काळी दोन | काळी तीन |
| ३ | काळी पाच | काळी एक |
| ४ | पांढरी चार | काळी चार |
| ५ | पांढरी एक | काळी दोन |
| ६ | पांढरी पाच | काळी पाच |
| ७ | पांढरी दोन | पांढरी चार |
| ८ | पांढरी सहा | पांढरी एक |
| ९ | पांढरी तीन | पांढरी पाच |
| १० | पांढरी सात | पांढरी दोन |
| ११ | काळी तीन | पांढरी सहा |
| १२ | काळी एक | पांढरी तीन |

एका घरातून पुढच्या घरात गेले की षड्ज पंचमावर जातो. पांढरी सहाचा पंचम पांढरी तीन, म्हणून ८ए नंतर ९ए. पांढरी तीनचा पंचम पांढरी सात, म्हणून १०ए. बारा वेळा पंचम घेतला की आपण पुन्हा मूळ षड्जावर येतो. म्हणून हे चक्र आहे.

या मांडणीचा खरा उपयोग समान स्वर मोजण्यासाठी होतो. प्रत्येक पंचमागे सात स्वरांपैकी एकच बदलतो. ८ए मध्ये सगळ्या पांढऱ्या पट्ट्या आहेत. ९ए मध्ये पांढरी चारच्या जागी काळी तीन येते, बाकी सहा तेच. ७ए मध्ये पांढरी सातच्या जागी काळी पाच येते, बाकी सहा तेच. म्हणून:

- तोच क्रमांक (८ए–८ए किंवा ८ए–८बी): सातही स्वर समान
- एक घर अंतर: सहा समान
- दोन घरे अंतर: पाच समान
- पाच किंवा सहा घरे अंतर: फक्त दोन समान

शेवटची ओळ विशेष लक्षात ठेवावी. पांढरी सहा आणि काळी पाच या पट्ट्या पेटीवर शेजारी आहेत. पण ८ए आणि ३ए यांच्यात चक्रावर पाच घरांचे अंतर आहे आणि समान स्वर दोनच. पेटीवरचे शेजारी चक्रावर लांब असतात. 'अर्ध्या स्वराचाच तर फरक आहे' असे म्हणून जोडलेली गाणी सर्वांत वाईट ऐकू येतात, त्याचे कारण हे.

५. वेग बदलला की षड्ज सरकतो

इथवरचा भाग बहुतेकांना माहीत असतो. पुढचा भाग मला एका फजितीतून कळला.

जबलपूर शहराचा अधारताल हा भाग बाहेरच्यांना जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयामुळे माहीत असतो. तिथल्या एका वसाहतीत गणेशोत्सवातल्या एका संध्याकाळी मुलांसाठी तासभर संगीत लावायचे काम माझ्याकडे आले होते. लॅपटॉप, दोन चॅनेलचा कंट्रोलर आणि दोन स्पीकर एवढेच सामान. मी सगळी गाणी क्रमांक लावून ठेवली होती. पहिले गाणे ८ए, १२२ बीपीएम. दुसरे ८ए, १२५ बीपीएम. संध्याकाळ रंगत होती म्हणून मी पहिल्याचा वेग हळूहळू १२५ वर नेला आणि दुसरे आत घेतले. ठोके तंतोतंत जुळले. क्रमांकही तेच. तरीही अर्धा मिनिट असे वाजले, की बाजूला बसलेले एक काका उठून आले. भजनात पेटी वाजवणारे गृहस्थ. म्हणाले, "अरे, दोन पेट्या एका सुरात लावून घेतल्या नाहीस का?"

कॅमेलॉट चक्र त्यांनी कधी पाहिले नव्हते, पण निदान अचूक होते. माझ्या कंट्रोलरवर की-लॉक बंद होता.

की-लॉक नसताना गाण्याचा वेग वाढवणे म्हणजे जुन्या तबकडीला बोटाने जोर देणे. ठोके जवळ येतात आणि स्वरही तेवढ्याच प्रमाणात चढतो. हिशेब असा आहे. समस्वरित पेटीवर एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंत कंपनसंख्या ५.९५ टक्क्यांनी वाढते. या अंतराचे १०० भाग पाडले तर एका भागाला सेंट म्हणतात.

| वेगातील वाढ | स्वरातील वाढ |
|---|---|
| १ टक्का | सुमारे १७ सेंट |
| २ टक्के | सुमारे ३४ सेंट |
| ३ टक्के | सुमारे ५१ सेंट |
| ६ टक्के | सुमारे १०१ सेंट, म्हणजे एक पूर्ण पट्टी |

माझ्या गाण्यात १२२ वरून १२५ म्हणजे २.४६ टक्के वाढ झाली होती, म्हणजे स्वर ४२ सेंट चढला. षड्ज ना पांढरी सहावर राहिला, ना काळी पाचवर पोहोचला. एका गाण्यातील पॅडचा स्वर ४४० हर्ट्झवर आणि दुसऱ्यातील तोच स्वर ४५०.८ हर्ट्झवर वाजत होता. अशा दोन स्वरांच्या एकत्र येण्याने सेकंदाला सुमारे अकरा वेळा आवाज फुगतो आणि बसतो. तंबोऱ्याच्या दोन तारा थोड्या उतरलेल्या असताना जी थरथर ऐकू येते, तीच ही. फक्त इथे ती शेकडो वॉटच्या स्पीकरमधून येते.

यावरून दोन नियम निघतात.

१. जोडाच्या वेळी की-लॉक चालू ठेवावा. त्यामुळे वेग बदलतो, स्वर जागेवर राहतो. दोन-तीन टक्क्यांच्या बदलाला आवाजाच्या दर्जात फारसा फरक जाणवत नाही. बदल मोठा असेल तर तालवाद्यांची धार बोथट होते, म्हणून वेगाने फार दूर असलेली गाणी मुळात निवडू नयेत.

२. तबकड्यांवर वाजवत असाल किंवा मुद्दाम की-लॉक बंद ठेवला असेल, तर छापील क्रमांक विसरावा आणि वरील कोष्टकाने नवा षड्ज काढावा. टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ या प्रसिद्ध टर्नटेबलवर वेग अधिक-उणे ८ टक्के बदलता येतो. म्हणजे षड्ज दोन्ही बाजूंना एका पट्टीहून थोडा जास्त सरकू शकतो. जुने डीजे याचाच फायदा घेऊन न जुळणारी गाणी जुळवत.

६. सॉफ्टवेअरची खूण आणि कानाची खात्री

सॉफ्टवेअर गाण्यात कोणते स्वर किती वेळा येतात ते मोजते आणि अंदाज बांधते. षड्ज कुठे 'टेकतो' हे त्याला माणसासारखे जाणवत नाही. त्यामुळे ठरावीक चुका होतात: ८ए ऐवजी ८बी दाखवणे (स्वर तेच, षड्ज चुकला) किंवा पंचमालाच षड्ज समजून ९ए दाखवणे. दोन्ही चुका शेजारच्या घरातल्या असल्याने बरेचदा निभावून जातात. पण अशा दोन चुका विरुद्ध दिशांना झाल्या तर अंतर वाढते.

याहून महत्त्वाची त्रुटी पद्धतीतच आहे. कॅमेलॉटला दोनच थाट माहीत आहेत. प्रोग्रेसिव्ह हाउसमध्ये मात्र काफी थाटाची (कोमल गंधार, कोमल निषाद, पण शुद्ध धैवत) गाणी पुष्कळ असतात. पांढरी सहाचा काफी घ्या. त्यात पांढरी चारऐवजी काळी तीन येते. म्हणजे षड्ज ८एचा, पण स्वर सगळे ९एचे! सॉफ्टवेअर ८ए दाखवील आणि तुम्ही चक्र पाहून ७एचे गाणे जोडाल, तर समान स्वर सहा नसून पाचच असतील. हेच गाणे ९एला जोडले तर सातही जमतील. भैरवी थाटाचे (कोमल रिषभही) उलट असते: पांढरी सहाच्या भैरवीचे स्वर ७एचे असतात.

म्हणून प्रत्येक गाणे संग्रहात घेताना पुढील चाचणी करावी. मोबाइलवरचे तंबोऱ्याचे किंवा पेटीचे कोणतेही ॲप पुरेसे आहे.

१. गाण्यातील बेस आणि पॅड एकत्र असलेला भाग लावा. धून जिथे येऊन थांबते तो स्वर गुणगुणा आणि पेटीवर शोधा. हा षड्ज.
२. तंबोरा त्या षड्जाला लावून गाणे पुन्हा ऐका. तंबोरा गाण्यात मिसळून गेला तर षड्ज बरोबर. ओढाताण जाणवली तर पंचमाला षड्ज समजलो का, ते तपासा.
३. गंधार कोमल की शुद्ध? कोमल असेल तर 'ए', शुद्ध असेल तर 'बी'.
४. 'ए' असेल तर धैवत आणि रिषभ तपासा. धैवत शुद्ध असेल तर स्वरांच्या दृष्टीने गाणे एक घर पुढे आहे. रिषभ कोमल असेल तर एक घर मागे.
५. 'बी' असेल तर मध्यम आणि निषाद तपासा. मध्यम तीव्र (कल्याण थाट) असेल तर एक घर पुढे, निषाद कोमल (खमाज थाट) असेल तर एक घर मागे.

गाण्याच्या नावापुढे '८ए, काफी' अशी नोंद ठेवावी. एका गाण्याला दोन-तीन मिनिटे लागतात. पन्नास गाण्यांचा असा तपासलेला संग्रह पाच हजार न तपासलेल्या गाण्यांपेक्षा उपयोगी पडतो.

७. एक जोड टप्प्याटप्प्याने

समजा, 'क' हे गाणे ८ए आहे, १२३ बीपीएम. 'ख' हे ९ए आहे, १२४ बीपीएम. दोन्ही आसावरी थाटाची.

तयारी. की-लॉक चालू करून 'ख'चा वेग १२३ वर आणा. हेडफोनवर दोन्ही गाण्यांचे पॅड एकत्र ऐका. बदलणारा स्वर एकच: 'क'मध्ये पांढरी चार (कोमल धैवत) आणि 'ख'मध्ये काळी तीन. हे दोन स्वर एकाच क्षणी वाजत असतील तर तेवढीच जागा टाळायची आहे.

प्रवेश. 'क'ची मुख्य धून संपून शेवटचा ३२ आवर्तनांचा उतार सुरू होईल, त्याच समेवर 'ख' सोडा. 'ख'चा बेस ईक्यूवर पूर्ण खाली ठेवा. या वेळी 'ख'मध्ये तालवाद्येच असल्याने स्वरांचा प्रश्न नाही.

सहवास. १६ आवर्तनांनंतर 'ख'चा पॅड येतो. खाली अजून 'क'चा बेस पांढरी सहावर आहे आणि वर पांढरी तीनच्या आधाराचे स्वर. पंचमावरचे स्वर षड्जाच्या आधारावर ऐकू येत असल्याने ते मोकळे, थोडे उत्सुकता वाढवणारे वाटतात. पट्टी जुळवण्याचे खरे फळ हेच आहे: ही काही सेकंदे दोन्ही गाण्यांपैकी एकातही नसतात.

बेसची अदलाबदल. पुढच्या खंडाच्या समेवर 'क'चा बेस खाली आणि 'ख'चा वर, एकाच हालचालीत. दोन बेस एकत्र कधीही ठेवू नयेत. पट्टी जुळलेली असली तरी खालचे स्वर एकमेकांत चिखल करतात. या क्षणी खोलीचा षड्ज पांढरी सहावरून पांढरी तीनवर जातो. श्रोत्याला ते जागा बदलल्यासारखे जाणवते, पण धक्का बसत नाही.

निरोप. आठ आवर्तनांत 'क'चा मध्य आणि मग वरचा भाग उतरवा. तो पूर्ण गेल्यावर वेग १२३ वरून १२४ वर सावकाश न्या.

संपूर्ण सेट आखताना याच पावलांची साखळी करायची असते. उदाहरणार्थ ८ए, ८ए, ९ए, ९बी, १०बी, १०ए. 'ए'कडून 'बी'कडे जाताना त्याच स्वरांत उजाळा येतो, 'बी'कडून 'ए'कडे येताना गांभीर्य येते. तासाभरात दोन-तीन वेळा असे वळण पुरेसे आहे. सतत एकाच घरात राहिले तर सेट सुरेल असूनही कंटाळवाणा होतो.

८. पट्टी जुळत नसेल तर

समोरच्या लोकांना या क्षणी जे गाणे हवे आहे ते तीन घरे लांब असेल, तर काय करायचे? गाणे सोडायचे नाही. वाट बदलायची.

- तालावर जोडा. दोन्ही बाजूंना फक्त तालवाद्ये असलेला भाग निवडा. लागल्यास 'क'च्या शेवटच्या चार आवर्तनांचा लूप करून जागा वाढवा. स्वर एकत्र येतच नाहीत, म्हणून टक्करही नाही. संगीत नाटकातील संवादाचे काम इथे ताल करतो.
- मध्ये पूल घाला. ८ए वरून ११ए ला जायचे असेल तर मध्ये ९ए आणि १०ए, किंवा स्वर फारसे नसलेले एखादे तालप्रधान गाणे वाजवा.
- तोडून जोडा. ब्रेकडाउनच्या शेवटी, जिथे श्रोते ठोका परत येण्याची वाट पाहतात, तिथे 'क' बंद करून नेमक्या समेवर 'ख' सुरू करा. पट्टी एकदम बदलते, पण ती मुद्दाम बदललेली वाटते.
- स्वर सरकवा. बहुतेक सॉफ्टवेअरांत गाण्याची पट्टी एक-दोन पायऱ्या वर-खाली करता येते. वाद्यसंगीताला हे चालते. मानवी आवाज मात्र लवकर कृत्रिम वाटू लागतो.

९. रागावर आधारलेल्या गाण्यांचा प्रश्न

भारतीय विद्यार्थी लवकरच रागावरचे इलेक्ट्रॉनिक संगीत सेटमध्ये आणू पाहतो. त्यासाठी अभ्यासावा असा संग्रह मुंबईतच तयार झाला. वादक चरणजित सिंग यांचा 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' हा १९८२चा संग्रह एचएमव्हीने काढला. रोलँड टीआर-८०८ हे तालयंत्र, टीबी-३०३ हे बेसयंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर यांवर त्यांनी दहा राग वाजवले. २०१० मध्ये तो पुन्हा प्रसिद्ध झाल्यावर जगभरच्या डीजेंचे त्याकडे लक्ष गेले.

अशा गाण्यांना कॅमेलॉट क्रमांक लावताना दोन टोके दिसतात.

एका टोकाला भूपाली. त्यात मध्यम आणि निषाद नाहीत, पाचच स्वर. पांढरी एकचा भूपाली घेतला तर त्याचे पाचही स्वर ७, ८ आणि ९ या तिन्ही घरांत सापडतात. स्वर जितके कमी तितके शेजारी जास्त.

दुसऱ्या टोकाला भैरव. कोमल रिषभ आणि कोमल धैवत, पण गंधार आणि निषाद शुद्ध. हे सात स्वर चक्राच्या चोवीसपैकी एकाही घरात बसत नाहीत. सॉफ्टवेअर तरीही एखादा क्रमांक दाखवतेच. तो धरून पॅडवर पॅड टाकल्यास रागाचाही विचका होतो आणि गाण्याचाही. अशा वेळी तालावर जोडणे, किंवा शेजारी फक्त षड्ज-पंचम धरणारे गाणे ठेवणे, हाच योग्य मार्ग.

शिवाय मैफलीतील ध्वनिमुद्रणांत षड्ज कलाकाराच्या सोयीने लावलेला असतो. तो पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मध्येही असू शकतो. तेव्हा टेम्पो फेडर आणि की-लॉक यांच्या मदतीने आधी षड्ज पट्टीवर आणावा, मगच चक्राकडे पाहावे.

सारांश

प्रोग्रेसिव्ह हाउसमध्ये दोन गाणी मिनिटभर एकत्र वाजतात, म्हणून त्यांचे स्वर जुळावे लागतात. कॅमेलॉट चक्र षड्ज-पंचम भावावर उभे आहे आणि समान स्वरांची संख्या झटकन सांगते. एक घर अंतराला सहा स्वर समान असतात, पेटीवरच्या लगतच्या पट्टीला मात्र दोनच. की-लॉक नसेल तर वेगातील प्रत्येक टक्क्याला षड्ज सुमारे १७ सेंट सरकतो आणि छापील क्रमांक निरुपयोगी ठरतो. काफी, भैरवी किंवा भैरवाच्या स्वरांतील गाण्याचा क्रमांक स्वरांबद्दल पूर्ण माहिती देत नाही. म्हणून शेवटची खात्री हेडफोनमध्ये, कानानेच करावी.

स्वाध्याय

१. ५ए या घराच्या दोन्ही शेजाऱ्यांत कोणता स्वर बदलतो, ते पेटीवर वाजवून लिहा.
२. ८एचे गाणे १२० बीपीएमवरून की-लॉक न लावता १२७ वर नेले. षड्ज किती सरकेल आणि नवा क्रमांक कोणता? (उत्तर: सुमारे ९८ सेंट. षड्ज जवळजवळ काळी पाचवर, म्हणजे ३ए.)
३. आपल्या संग्रहातील दहा गाण्यांचा षड्ज तंबोऱ्याच्या साहाय्याने शोधा आणि सॉफ्टवेअरच्या उत्तराशी ताडून पाहा. फरक पडला तिथे षड्ज चुकला की थाट, ते नोंदवा.
४. तीन घरे लांब असलेली दोन गाणी निवडून ती विभाग ८ मधील कोणत्याही दोन पद्धतींनी जोडा. दोन्ही ध्वनिमुद्रणे पेटी वाजवणाऱ्या एखाद्या ओळखीच्या व्यक्तीला ऐकवा आणि त्यांचे मत एका परिच्छेदात लिहा.